मीठ, साखर, लिंबूफूल: आयनिक आणि सहसंयुज संयुगं ओळखण्याचा नेमका क्रम

नववी-दहावीच्या वह्या तपासायला बसले की एक वाक्य हमखास समोर येतं: ‘पाण्यात विरघळलं, दिवा लागला, म्हणून संयुग आयनिक.’ (आयन म्हणजे विद्युत प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. अशा आयनांचं बनलेलं संयुग आयनिक, आणि अणूंनी इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून बनलेलं सहसंयुज. दिवा म्हणजे बॅटरीला जोडलेला लहान दिवा, द्रवातून वीज गेली तरच तो लागतो.) मिठाला हे लागू पडतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण पुढे तेच वाक्य लिंबूफुलाला, व्हिनेगरमधल्या आम्लाला, हायड्रोक्लोरिक आम्लालाही चिकटवलं जातं. ही तिन्ही मुळात सहसंयुज आहेत, तरी दिवा लावतात.

दिवा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: या घटकेला या द्रवात सुटे आयन आहेत का? ते आयन आधीपासून होते की पाण्यात पडल्यावर तयार झाले, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून दिवा शेवटी लावायचा आणि सूत्र आधी वाचायचं. इंदूरला तिलकनगरात माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं हा क्रम उलटा करतात म्हणून चुकतात. त्यांच्यासाठी आणि घरी त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

## सुरुवातीआधी: शब्दांची गल्लत मिटवा

आपल्या गावात घरी मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी अशी बहुतेक मराठी घरांची रीत आहे. या विषयात तीच अडचण होते, कारण काही शब्द दोन्ही भाषांत दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे आहेत.

हिंदी पुस्तकातला ‘परमाणु’ म्हणजे मराठीतला अणू. हिंदीतला ‘अणु’ म्हणजे मराठीतला रेणू. आजोबा मराठीत ‘अणू’ म्हणतात तेव्हा नातीच्या डोक्यात हिंदीतला ‘अणु’ येतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असून उत्तर चुकतं. दुसरा फसवा शब्द ‘क्षार’. मराठीत मीठ हा क्षार आहे. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि हिंदीतला ‘क्षार’ म्हणजे आपला अल्क, कॉस्टिक सोड्यासारखा. बाकीच्या जोड्या सरळ आहेत: तत्व म्हणजे मूलद्रव्य, यौगिक म्हणजे संयुग, सहसंयोजक म्हणजे सहसंयुज, गलनांक म्हणजे द्रवणांक, विलयन म्हणजे द्रावण.

वहीच्या पहिल्या पानावर या जोड्या लिहून घ्या. या लेखात मी मराठी शब्दच वापरते आहे.

तपासणी: मुलाला विचारा, ‘पाण्याच्या एका रेणूत किती अणू?’ उत्तर तीन आलं पाहिजे. लगेच विचारा, ‘मिठाच्या एका रेणूत किती?’ ‘दोन’ आलं तर पुढचं सगळं नीट वाचा. मिठाला रेणूच नसतो. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराईड आयन आणि प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडियम अशी रचना खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालते. त्यातली कोणती जोडी ‘एक रेणू’, हे दाखवता येत नाही.

## १. आधी रासायनिक नाव आणि सूत्र लिहा

पांढरी पूड बघून काहीही ठरवू नका. मीठ, पिठीसाखर, लिंबूफूल, खाण्याचा सोडा, नवसागर सगळेच पांढरे. बाजारातल्या नावावरूनही ठरवू नका. ‘सोडा’ ऐकून आयनिक आणि ‘सत्त्व’ ऐकून सहसंयुज असं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. कल्हईवाला वापरतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट, शिवाय तिच्या स्फटिकात पाण्याचे बारा रेणू अडकलेले असतात. लिंबूफूल म्हणजे सायट्रिक आम्ल.

पदार्थ संयुग आहे ना, हेही इथेच बघून घ्या. गंधक, आयोडीन, हिरा ही मूलद्रव्यं आहेत. दूध, पेट्रोल, हवा ही मिश्रणं. एका मुलीने मला विचारलं होतं, पोह्यांवरचं जिरावण आयनिक का? प्रश्न चांगला होता. जिरावण हे मिश्रण आहे. त्यातलं मीठ आयनिक, मसाल्यांच्या वासाचे रेणू सहसंयुज, आणि अख्ख्या जिरावणाला यातलं एकही नाव लागत नाही.

## २. अमोनियम आणि गट-आयन शोधा, धातू नंतर

सर्वात जास्त गुण या पायरीवर जातात. पाठ केलेला नियम असतो: ‘धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक, अधातू अधिक अधातू म्हणजे सहसंयुज.’ नवसागराचं सूत्र समोर आलं की मुलं नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन मोजतात, तिन्ही अधातू बघतात आणि ‘सहसंयुज’ लिहून मोकळी होतात. नवसागर आयनिक आहे. एक नायट्रोजन आणि चार हायड्रोजन मिळून धन प्रभाराचा एक गट होतो, अमोनियम. इथे धातूचं काम तो गट करतो.

म्हणून धातू शोधण्याआधी सूत्रात अमोनियम दिसतो का ते बघा. दिसला आणि सोबत क्लोराईड, नायट्रेट, सल्फेट असा ऋण आयन असला, तर संयुग आयनिक. अमोनियम नायट्रेट, अमोनियम सल्फेट ही खतं याच घरातली. युरियाही खतच आहे, त्यातही नायट्रोजन आणि हायड्रोजन आहेत, पण अमोनियम गट नाही. युरिया सहसंयुज आहे आणि साधारण १३३ अंश सेल्सियसला वितळतो.

मग ऋण बाजूचे गट ओळखा: सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, बायकार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साईड.

सावधान: गट दिसला म्हणजे आयनिक, असं नाही. त्याच्यासमोर धन आयन हवा, म्हणजे धातू किंवा अमोनियम. सल्फ्युरिक आम्लात ‘सल्फेट’ दिसतं, पण समोर फक्त हायड्रोजन आहे. शुद्ध आम्ल रेणूंचंच बनलेलं असतं. तसंच अल्कोहोलच्या सूत्राच्या शेवटी ऑक्सिजन-हायड्रोजन दिसले म्हणून ते हायड्रॉक्साईड होत नाही. तिथे ती जोडी कार्बनला सहसंयुज बंधाने बांधलेली आहे, सुटी होऊन आयन बनत नाही.

‘कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कोणते बंध आहेत?’ असा प्रश्न आला तर उत्तर दोन्ही. कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्यात आयनिक, कार्बोनेटच्या आत कार्बन-ऑक्सिजनमध्ये सहसंयुज. संयुगाचा प्रकार विचारला असेल तर आयनिक.

## ३. धातू आहे? मग संशयितांची यादी बघा

सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम दिसले आणि सोबत साधा अधातू किंवा गट-आयन असला, की आयनिक लिहून पुढे जा. इथे वेळ घालवायचं कारण नाही.

थांबायचं ते तीन किंवा चार संयुजेच्या (म्हणजे बंध करताना तीन-चार इलेक्ट्रॉन वापरणाऱ्या) धातूपाशी, त्यातही समोर क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असताना. लहान आकाराचा आणि जास्त प्रभाराचा धन आयन समोरच्या मोठ्या ऋण आयनाचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो. ते इतके ओढले जातात की देवघेव उरतच नाही, भागीदारी होते. अकरावीत फायान्सचे नियम म्हणून जे येतं ते हेच.

निर्जल ॲल्युमिनियम क्लोराईड १८० अंशांच्या आसपास द्रव न होता सरळ बाष्प होतं, आणि त्या बाष्पात दोन-दोन ॲल्युमिनियमचे रेणू असतात. ॲल्युमिनियम फ्लोराईड मात्र हजार अंशांनाही घन राहतं, कारण फ्लोराईड आयन लहान आहे आणि त्याचे इलेक्ट्रॉन सहज ओढले जात नाहीत. धातू तोच, समोरचा बदलला आणि स्वभाव बदलला. टायटॅनियम टेट्राक्लोराईड तर साध्या तापमानाला द्रव आहे, १३६ अंशांना उकळतं. नावात धातू असूनही त्यात मिठासारखं काही नाही. बेरिलियमची संयुजा दोनच आहे, पण त्याचा आयन फार लहान असल्यामुळे बेरिलियम क्लोराईडही याच यादीत ठेवा.

## ४. सगळे अधातू? मग रेणू की जाळं, ते ठरवा

अमोनियम नाही, धातू नाही, म्हणजे संयुग सहसंयुज. पण ‘सहसंयुज’ म्हटल्यावर ‘सहज वितळणारं’ असं आपोआप लिहू नका. वाळूतलं सिलिकॉन डायऑक्साईड सहसंयुज आहे आणि वितळायला १७०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पॉलिश पेपरवरचं सिलिकॉन कार्बाईडही तसंच. त्यांच्यात सुटे रेणू नाहीत. बंधांचं एकच अखंड जाळं आहे. शाळेच्या पातळीवर अशी संयुगं थोडीच येतात: सिलिकॉन डायऑक्साईड, सिलिकॉन कार्बाईड, बोरॉन नायट्राईड. ती पाठ असू द्या. पाणी, कार्बन डायऑक्साईड, अमोनिया, साखर, युरिया, कापूर, मेणातली संयुगं ही सगळी रेणूंची.

इथे एक समजूत मुळातून काढायला हवी. ‘सहसंयुज बंध कमकुवत असतो, म्हणून ही संयुगं लवकर वितळतात’ हे वाक्य चूक आहे, आणि ते मी छापील गाईडमध्येही वाचलं आहे. बर्फ वितळतो तेव्हा ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध तुटत नाही. तो तुटला असता तर बर्फाच्या जागी हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळाले असते, पाणी नाही. तुटते ती शेजारच्या दोन रेणूंमधली ओढ. रेणूच्या आतला बंध भक्कम, दोन रेणूंमधलं आकर्षण दुबळं: उत्तरात ही दोन्ही वाक्यं लिहा. मुलांना मी रुमालात बांधलेल्या शेंगदाण्यांचं उदाहरण देते. रुमाल सोडला की दाणे पसरतात, म्हणून दाणा फुटला असं कोणी म्हणत नाही.

मिठात हा भेदच नाही. तिथे वितळवायचं म्हणजे आयन-आयनमधलं आकर्षणच सैल करायचं, आणि त्याला ८०१ अंश लागतात.

## ५. विद्युतऋणतेतला फरक: फक्त आधाराला

विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद. ‘फरक १.७ पेक्षा जास्त म्हणजे आयनिक’ हा आकडा पाठ करून मुलं पहिल्या पायरीवरच वजाबाकी करायला लागतात. सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३: ठीक. पण हायड्रोजन २.२० आणि फ्लोरीन ३.९८ घ्या. फरक १.७८ येतो, नियमाप्रमाणे हायड्रोजन फ्लोराईड आयनिक ठरायला हवं. प्रत्यक्षात ते रेणूंचं आहे आणि २० अंशांच्या आतच उकळतं. उलट सोडियम सल्फाईडमध्ये गंधक २.५८, फरक १.६५, नियमाप्रमाणे सहसंयुज. ते उघडउघड आयनिक आहे.

तेव्हा हा आकडा म्हणजे सीमेवरची भिंत नाही. पायरी २ ते ४ मध्ये ठरलेल्या उत्तराला आधार म्हणून लिहा, आणि प्रश्नात आकडे दिले असतील तरच.

## ६. आता दिवा: घरच्या घरी चाचणी

साहित्य: नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, थोडी वायर, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन शिसपेन्सिली आणि काचेचे लहान ग्लास. हे भाग जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. तुरटी आणि लिंबूफूल किराण्यात किंवा सियागंजात. आणि सर्वात महत्त्वाचं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी.

नळाचं पाणी चालणार नाही. नर्मदेचं असो की बोअरिंगचं, त्यात क्षार विरघळलेले असतातच. एका वर्षी मी घाईत बोअरिंगचं पाणी वापरलं आणि साखरेच्या ग्लासातही दिवा मिणमिणला. त्या दिवशी दहा मुलांनी वहीत चुकीची नोंद केली आणि ती खोडायला मला पुढचा आठवडा लागला.

जोडणी अशी: बॅटरीच्या धन टोकाला रेझिस्टर, रेझिस्टरला एलईडीचा लांब पाय, आखूड पायापासून वायर पहिल्या पेन्सिलीच्या शिशाला. दुसऱ्या पेन्सिलीच्या शिशापासून वायर बॅटरीच्या ऋण टोकाला. खालची टोकं द्रवात बुडतील, वरच्या टोकांना वायर घट्ट गुंडाळा.

सावधान: भिंतीतल्या प्लगची वीज या कामाला कधीही वापरायची नाही, चार्जर लावूनही नाही. एका ग्लासात दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ पेन्सिली ठेवू नका. मिठाच्या पाण्यात धन टोकाशी क्लोरीन वायू सुटू लागतो. खिडकी उघडी ठेवा. नंतर कोणतंही द्रावण चाखायचं नाही, आणि हे ग्लास स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत.

आता क्रम पाळा.

(क) दोन्ही शिशांची टोकं एकमेकांना टेकवा. एलईडी लागला पाहिजे. नाही लागला तर एलईडीचे पाय उलटे जोडले आहेत.

(ख) नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवा. लागता कामा नये. लागला तर ग्लास खारट आहे किंवा पाणी शुद्ध नाही, इथेच थांबा.

(ग) कोरड्या मिठात टोकं खुपसा. लागणार नाही. आयन आहेत, पण जागेवर जखडलेले. पावसाळ्यात मीठ ओलसर झालेलं असतं आणि दिवा मिणमिणतो. तसं झालं तर मीठ तव्यावर भाजून, गार करून पुन्हा बघा.

(घ) ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा. दिवा झगझगीत.

(च) तेवढीच साखर, नव्या ग्लासात. दिवा नाही.

(छ) तेवढंच लिंबूफूल. दिवा लागतो, आणि मुलं माझ्याकडे बघतात.

प्रत्येक वेळी पेन्सिलींची टोकं डिस्टिल्ड पाण्याने धुवा, सारखीच खोल बुडवा आणि दोघींत सारखंच अंतर ठेवा, साधारण एक सेंटिमीटर. धुणं विसरल्यामुळे साखरेच्या ग्लासात दिवा लागल्याची तक्रार दर वेळी कुणी ना कुणी घेऊन येतंच.

## ७. तापवून बघणं

लिंबूफुलाचा निकाल उष्णतेने लागतो. जुना स्टीलचा चमचा, सांडशी आणि मेणबत्ती. मोठ्या माणसाशिवाय करू नका.

लिंबूफूल १५३ अंशांच्या आसपास वितळतं, चमच्यात काही वेळातच स्वच्छ द्रव दिसतो. लगेच चमचा बाजूला घ्या. साखर वितळते, तपकिरी होते, मग काळी पडते. मीठ तसंच राहतं. मेणबत्तीवरच्या चमच्यात ८०१ अंश येत नाहीत. खडे मीठ घेतलं तर ते तडतडून उडतं. खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तसं होतं. त्याला ‘मीठ वितळलं’ लिहू नका, आणि तोंड दूर ठेवा.

तुरटी इथे फसवते. ती ९२ अंशांच्या आसपासच पातळ होते, फसफसते आणि शेवटी फुगलेली पांढरी लाही उरते. मुलं लिहितात, द्रवणांक कमी म्हणून सहसंयुज. खरं तर तुरटी तिच्याच स्फटिकातल्या पाण्यात विरघळते, आणि पाणी उडून गेलं की उरतो तो कोरडा क्षार. म्हणूनच पहिल्या पायरीवर सूत्रातलं पाणी लिहून घ्यायला सांगितलं होतं.

सावधान: नवसागर, मोरचूद, डांबराच्या गोळ्या आणि कापूर तापवायचे नाहीत. नवसागराचा धूर घसा जाळतो, मोरचूद विषारी आहे, उरलेली दोन पेट घेतात.

तेलात विरघळवण्याची चाचणीही पुस्तकांत असते. खोबरेल तेलात कापूर विरघळतो, मीठ नाही. पण साखरही विरघळत नाही, म्हणून या चाचणीवर मी फारशी भिस्त ठेवत नाही. उलट दिशेनेही सांभाळा: संगमरवराची पूड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, दिवाही लागत नाही किंवा जेमतेम मिणमिणतो, तरी कॅल्शियम कार्बोनेट आयनिकच आहे.

## ८. नोंद कशी लिहायची

निरीक्षण आणि निष्कर्ष वेगवेगळ्या ओळींत. ‘दिवा लागला’ हे निरीक्षण. ‘द्रावणात आयन आहेत’ हा त्यावरून निघणारा निष्कर्ष. ‘संयुग आयनिक आहे’ हे दिव्यावरून निघतच नाही. ते सूत्र, उष्णता आणि दिवा तिन्ही एकत्र ठेवल्यावरच लिहायचं. आयनिक संयुगासाठी ‘रेणू’ शब्द वापरू नका, ‘सूत्र-एकक’ लिहा.

लिंबूफुलाची नोंद माझ्या मुलांच्या वहीत अशी असते:

सूत्रात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. अमोनियम नाही, धातू नाही. मेणबत्तीवर वितळलं. डिस्टिल्ड पाण्यातल्या द्रावणात दिवा लागला. म्हणून घन अवस्थेत रेणू आहेत. पाण्यात गेल्यावर काही रेणूंनी पाण्याला हायड्रोजन आयन दिला आणि आयन तयार झाले. संयुग सहसंयुज, रेणूंचं.